हात दाखवून अवलक्षण

बी.एस्सी.ला मी मायक्रो घेतलं, तेव्हा आमच्या आळीत या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात जायचं आणि गाइडची चार पानं काडेपेटीएवढ्या कागदावर उतरवून आणायची. त्या चिठोऱ्याला मायक्रो म्हणत. त्यामुळे ‘धाकटी काय करते हल्ली?’ या प्रश्नावर आईनं ‘मायक्रो करते’ असं उत्तर दिलं, की समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर क्षणभर सहानुभूती दाटून येई. मग आई घाईघाईनं म्हणे, ‘सूक्ष्मजीवशास्त्र हो!’ त्यानं काही उलगडा होत नसे, पण चर्चा तिथेच थांबत असे.

दुसरा प्रश्न स्कोपचा. बारावी झालेल्या पोराला ‘याला स्कोप काय?’ असं विचारल्याशिवाय आपल्याकडे पाहुण्याला चहा पचत नाही. थोरल्या काकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘‘काका, स्कोप आहे, पण मायक्रो आहे.’’ काकांना विनोद कळला नाही. बाबांना कळला आणि आवडला नाही.

काकांचं कापडाचं दुकान. त्यांना जवळचं वाटावं म्हणून मी सांगितलं, की हा विषय सुरू केला तोच मुळी एका कापडवाल्यानं. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा आंतोनी व्हान लेव्हेनहुक. त्याला भिंगांचा नाद लागला. स्वतः भिंगं घासून त्यानं पाण्याचे थेंब पाहिले, मिरी भिजवलेलं पाणी पाहिलं आणि १६८३ साली स्वतःच्या दातांवरचं किटण काढून तेही पाहिलं. त्यात वळवळणारे जीव दिसले, तसं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘आणि तोवर गिऱ्हाईक कोण बघत होतं?’’

कॉलेजात पहिला महिनाभर आम्ही एकही जंतू पाहिला नाही. आम्ही बोळे केले. टेस्टट्यूबच्या तोंडाला बसवायचे कापसाचे बोळे. हा कापूस पाणी न शोषणारा असतो. तो सैल बसला तर हवेतले जंतू आत शिरतात आणि घट्ट बसला तर प्रयोगाच्या वेळी ट्यूब एकीकडे, बोळा दुसरीकडे आणि विद्यार्थिनी तिसरीकडे जाते. बोळा बरोबर जमलाय हे ओळखायची खूण लॅबमामांनी शिकवली. ओढल्यावर ‘टप्’ असा आवाज आला पाहिजे. कुठल्याही पुस्तकात ही खूण नव्हती. तसा आमचा विभाग कागदोपत्री मॅडमच्या हाती होता आणि प्रत्यक्षात मामांच्या.

पेट्री डिश वर्तमानपत्रात गुंडाळून ओव्हनमध्ये १६० अंशांवर दोन तास भाजायच्या, हा मामांचा दुसरा धडा. बाहेर आल्यावर कागद पापडासारखा तपकिरी झालेला असे. पुडी सोडताना मागच्या महिन्यातला अग्रलेख वाचायला मिळे. एरवी वर्तमानपत्रांत काय काय पसरलेलं असतं ते सांगवत नाही, पण निर्जंतुक अग्रलेख मी फक्त तिथेच वाचले.

तिसरा धडा ऑटोक्लेव्हचा. १५ पौंड दाब, १२१ अंश, १५ ते २० मिनिटं. हा म्हणजे कूकरचा थोरला भाऊ. घरचा कूकरही जवळपास याच दाबावर चालतो. फरक इतकाच, की कूकरला शिट्ट्या मोजणारी आई असते. एकदा उशीर झाला म्हणून मी वाफ भसकन सोडली. आतलं सगळं मीडिया उकळून बोळ्यांसकट बाहेर आलं. मामांनी शांतपणे फडकं आणून दिलं. ‘‘पोरी, भात असो का मीडिया, घाई करणारीच्या हातचं उतू जातं,’’ एवढंच म्हणाले. आईनंही नंतर हेच ऐकवलं, फक्त इतक्या थोडक्यात नाही.

मग एकदाचं ग्रॅम स्टेनिंग आलं. १८८४ साली हान्स क्रिश्चन ग्रॅम नावाचा डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये न्यूमोनियानं दगावलेल्या रोग्यांच्या फुफ्फुसात जंतू शोधत होता. त्याला एक रंगाची युक्ती सापडली. जांभळा क्रिस्टल व्हायोलेट लावायचा, वर आयोडीन, मग अल्कोहोलनं धुवायचं. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काही सोडून देतात. सोडणाऱ्यांना नंतर गुलाबी रंग द्यायचा. धरणारे ते ग्रॅम पॉझिटिव्ह, सोडणारे ग्रॅम निगेटिव्ह. ही पद्धत छापताना ग्रॅमनं लिहिलं होतं, की ती अजून सदोष आणि अपुरी आहे, पण इतरांच्या हाती कदाचित उपयोगी पडेल. आमच्या जर्नलांत असली कबुली कोणीही कधी दिली नाही. आमचे सगळे निष्कर्ष पहिल्या झटक्यात बरोबर यायचे, कारण ते मागच्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलांतही बरोबरच आलेले होते.

क्रिस्टल व्हायोलेट जंतूंपैकी काहींनाच धरतो, पण विद्यार्थिनींना मात्र सगळ्यांना धरतो. तीन वर्षं माझी बोटं जांभळी होती. एसटीचा कंडक्टर विचारी, ‘‘ताई, कुठली पोटनिवडणूक?’’ आजीनं बोटं हातात घेऊन नीट पाहिली आणि निकाल दिला, ‘‘हे तर तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध!’’ ती बरोबर होती. पूर्वी पोरांच्या तोंडात लावायचं ते जेन्शन व्हायोलेट म्हणजे मुख्यतः हाच रंग. फी भरून मी जे शिकत होते, ते आजीच्या फडताळात होतंच.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी माझ्या मैत्रिणीला सोपा म्हणून प्रश्न टाकला, ‘‘ग्रॅम कोण?’’ ती आधीच घाबरलेली. म्हणाली, ‘‘एक हजार मिलिग्रॅम, सर.’’ सरांनी तिला पास केलं. उत्तर चुकीचं होतं असं त्यांना सिद्ध करता आलं नसतं.

मीडिया म्हणजे जंतूंचं जेवण. आमच्या घरी उन्हाळ्यात चायना ग्रासचं दुधातलं पुडिंग व्हायचं. ते चायना ग्रास म्हणजेच आमचं अगार, समुद्रातल्या लाल शेवाळापासून केलेलं. हे ऐकल्यावर आईचा हात ढवळता ढवळता थांबला. ‘‘म्हणजे तुम्ही जंतूंना पुडिंग घालता?’’ मी म्हटलं, ‘‘नाही गं, बहुतेक जंतूंना अगार पचतच नाही. ते नुसतं ताट. जेवण त्यात कालवलेलं असतं.’’

या ताटाचा शोध स्वयंपाकघरातच लागला. रॉबर्ट कॉख जंतू वाढवायला आधी उकडलेल्या बटाट्याच्या फोडी वापरी, मग जिलेटिन. पण जिलेटिन उन्हाळ्यात वितळे आणि काही जंतू तर तेच फस्त करत. १८८१ साली त्याच्या प्रयोगशाळेतला वॉल्टर हेस या वितळण्यानं हैराण झाला होता. आपल्या बायकोच्या जेली मात्र उन्हाळ्यातही ताठ कशा उभ्या राहतात, हे त्यानं तिला विचारलं. फॅनी हेसनं सांगितलं, अगार-अगार. जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजारणीकडून ते तिला कळलं होतं. पुढच्या वर्षी कॉखनं अगारचा उल्लेख केला, पण त्यात हेस नवराबायकोचं नाव नव्हतं. त्यानंतर १८८७ मध्ये कॉखचाच सहायक रिचर्ड पेट्री यानं झाकणाची बशी केली आणि जगभरच्या प्रयोगशाळांत आज त्याचं नाव रोज घेतलं जातं. आई म्हणाली, ‘‘यात नवल काय? रांधलं तिनं, नाव झालं बशीचं.’’

जेवण म्हणून त्या ताटात मीट एक्स्ट्रॅक्ट पडतं, हे मात्र मी घरी सांगितलं नाही. आमच्या वर्गात एक मुलगी संकष्टी कडक पाळायची. नेमका त्याच दिवशी तिचा वजनं करायचा नंबर लागे. डबा उघडला की तो उग्र वास खोलीभर पसरे. ती एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं ग्रॅम मोजे आणि तोंडानं अथर्वशीर्ष पुटपुटे. तिच्या प्लेटींवर जंतू सगळ्यांत छान वाढत, हे मी मुद्दाम नोंदवते.

जंतूंना रविवार नसतो. दिवाळी नसते, गणपती नसतात, मावसबहिणीचं लग्न नसतं. शनिवारी प्लेट लावली की चोवीस तासांनी म्हणजे रविवारी बघायलाच हवी. सगळं अनुकूल असलं तर ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्री दहाला एकटा असलेला जंतू पहाटे पाचला वीस लाखांचा होतो. म्हणजे आपण घोरत असताना तिकडे एक जिल्हा वसलेला असतो. आमच्या काळात भारनियमन जोरात होतं. वीज गेली की इनक्यूबेटर गार पडे आणि त्या जिल्ह्याच्या विकासाला खीळ बसे. एप्रिलमध्ये मामा म्हणत, ‘‘आता दार उघडं ठेवा, बाहेरच सदतीस अंश झालेत.’’

वाढलेल्या कॉलनींचं वर्णन तक्त्यात लिहावं लागे. साइझ, शेप, कलर, मार्जिन, एलिव्हेशन, ओपॅसिटी, कन्सिस्टन्सी. पाढ्यासारखं पाठ. तो इतका पाठ झाला, की ताईला बघायला स्थळ आलं तेव्हा मी तिच्या कानात सांगितलं, ‘‘साइझ मोठी, शेप गोल, कलर गव्हाळ, मार्जिन कपाळाशी अनियमित, एलिव्हेशन पोटाशी बहिर्वक्र, कन्सिस्टन्सी लोण्यासारखी.’’ ताईच्या हातातले पोहे सांडता सांडता राहिले. ती लाजली असं पाहुण्यांना वाटलं. लग्न ठरलं. भाऊजी आजही बहिर्वक्रच आहेत.

दुसऱ्या वर्षी पाण्याची तपासणी आली आणि आम्ही उपद्रवी झालो. प्रत्येकीनं एकेक नमुना आणायचा होता. गावाकडच्या मळ्यातल्या विहिरीचा काकांना भारी अभिमान. ‘‘अमृत आहे अमृत, घेऊन जा बाटली भरून,’’ असं म्हणून त्यांनी स्वतः पोहरा ओढला. विहिरीला कठडा नव्हता आणि चढाला, पंधरा पावलांवर गोठा होता. पण अमृताला कसला कठडा!

ही तपासणी तीन टप्प्यांची. आधी नळ्यांत पाणी घालायचं. प्रत्येक नळीत एक छोटी नळी पालथी घातलेली असते. जंतूंनी आतली साखर आंबवली, की जांभळा द्रव पिवळा होतो आणि पालथ्या नळीत वायूचा बुडबुडा धरतो. काकांच्या अमृतानं एका रात्रीत सगळ्या नळ्या पिवळ्या केल्या. मग दुसऱ्या माध्यमावर तेच जंतू वाढवले, तर प्लेटभर हिरवी धातूची झळाळी. भुंग्याच्या पाठीवर असते तशी. इतकं सुंदर दृश्य मी तोवर लॅबमध्ये पाहिलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, ‘‘क्लासिक ई. कोलाय!’’ आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं. ई. कोलाय आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला याचा अर्थ कुणाचं तरी शेण किंवा त्याहून वाईट काही त्या पाण्यापर्यंत पोचलंय.

हे काकांना सांगायचं कसं? मी ‘इंडिकेटर ऑर्गॅनिझम’ पासून सुरुवात केली. काका म्हणाले, ‘‘मराठीत सांग.’’ मराठीत सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काका म्हणाले, ‘‘तुझी बाटलीच घाण असणार.’’ बाटली ऑटोक्लेव्ह केलेली होती. ‘‘मग तुमचं कॉलेज घाण असणार. माझ्या आज्यापासून हे पाणी पितोय. काय झालं मला?’’ या ‘काय झालं मला’पुढे पाश्चर आणि कॉख, दोघांचेही हात टेकतात. पण महिन्याभरानं चुलतभावानं गुपचूप सांगितलं, की काकांनी ग्रामपंचायतीतून टीसीएल पावडर आणली आणि रात्री, कोणी बघत नाही असं पाहून विहिरीत टाकली. कठडाही बांधायला घेतला. गावात कारण सांगितलं, पोरं पडतील म्हणून.

या तीन वर्षांत आम्ही घरादाराला नको झालो. पाणीपुरीच्या गाडीवर उभं राहून भय्याच्या कोपरापर्यंत बुडालेल्या हाताकडे बघत बारीक आवाजात लॅटिन नावं घ्यायची आणि मग तिखट जास्त घालायला सांगायचं, हे फक्त मायक्रोवाल्यांना जमतं. लोक विचारतात, ‘‘इतकं माहीत असून खाता?’’ खातो. हृदयरोगाचे डॉक्टरही जिने चुकवून लिफ्टनं जातातच.

शैक्षणिक सहल मुंबईला गेली, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला. पूर्वी गव्हर्नर राहत त्या बंगल्यात ही संस्था आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, माणूस तगला. मग लस इतरांना दिली. ही हकिगत ऐकून आम्ही भारावून गेलो. येताना गाडीत ठरवलं, की आपणही असं काही करायचं. हाफकिननी स्वतःवर प्रयोग केला, मी घरच्यांवर करायचं ठरवलं.

आमच्या घरी आजीचं सोवळं कडक. आंघोळ करून धाबळी नेसली, की नैवेद्य होईपर्यंत तिच्या वाटेत मांजरसुद्धा जात नसे. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी मागच्या दारानं यायचं, त्यांचा कप खिडकीत वेगळा. हे सगळं स्वच्छतेसाठी, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. मी म्हटलं, मोजून बघू. चार प्लेटी आणल्या. आजी हात लावायच्या आधी विचारणार हे माहीत होतं, म्हणून मीट एक्स्ट्रॅक्ट टाळून प्लेट काउंट अगार घेतलं. त्यात दुधातलं प्रथिन, यीस्टचा अर्क आणि ग्लुकोज. आजीनं चौकशी केली, समुद्रातलं शेवाळ आणि दूध म्हटल्यावर हरकत घेतली नाही. आजीनं सोवळ्यात बोटं टेकवली, आईनं पोळ्या लाटता लाटता, मावशींनी भांडी घासून झाल्यावर. चौथी प्लेट उघडलीच नाही, ती कंट्रोल.

चोवीस तासांनी लॅबमध्ये मोजणी केली. आईच्या बावन्न कॉलनी. आजीच्या सदुसष्ट. मावशींच्या एकोणीस. सकाळपासून चार घरची भांडी साबणाच्या पाण्यात घासलेल्या हातांवर आणखी किती उरणार? एका प्लेटीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला माहीत होतं. पण घर हलायला एक प्लेट पुरते.

१८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरनं आपल्या सहकाऱ्यांना सांगितलं होतं, की मुडदे चिरून थेट बाळंतिणीकडे जाऊ नका, आधी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवा. मृत्यू झपाट्यानं कमी झाले. तरी अनेक बडे डॉक्टर दुखावले. आपल्या हातांमुळे कोणी दगावतं, हे ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. तेव्हा आजीसमोर मैत्रिणीच्या मोबाइलवरचे फोटो धरताना मी रडारडीची तयारी ठेवली होती.

आजीनं चष्मा पुसला आणि फोटो जवळ घेतला. ‘‘हे पांढरे कसले?’’ मी म्हटलं, ‘‘स्टॅफिलोकोकस असतील. कातडीवर सगळ्यांच्याच असतात.’’ ‘‘आणि पिवळे?’’ ‘‘मायक्रोकोकस, बहुतेक.’’ आजीनं मान हलवली. ‘‘पिवळे हळदीचे. पांढरे देवपूजेचे. म्हणून माझे जास्त आहेत.’’ सेमेलवाइसला असं उत्तर मिळालं असतं तर तो वेगळ्याच कारणानं वेडा झाला असता.

पण संध्याकाळी तिनं हळूच विचारलं, ‘‘मावशींचे इतके कमी कसे गं?’’ ‘‘साबण, आजी.’’ ती बराच वेळ जप करत बसली. दुसऱ्या दिवसापासून नैवेद्याआधी न्हाणीघरात भांड्यांच्या साबणाची वडी दिसू लागली. आजी त्यानं हात धुऊ लागली, कोपरापर्यंत. खिडकीतला वेगळा कप मात्र आणखी दोन वर्षं खिडकीतच राहिला. जंतूंची पिढी वीस मिनिटांत बदलते, आमच्या घरची तितक्या लवकर बदलत नव्हती. कप आत आला तोही समारंभानं नाही. एक दिवस आजीचाच कप फुटला आणि तिनं खिडकीतला उचलून चहा ओतून घेतला. कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि मायक्रोवालीनं गप्प बसणं किती अवघड असतं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मावशींनाही मी फोटो दाखवले होते. एकोणीस आकडा ऐकून त्या हसल्या, आईच्या आणि आजीच्या आकड्यांवर काही बोलल्या नाहीत. चौथ्या फोटोवर मात्र बोट ठेवलं.

‘‘ही ताटली कोणाची, ताई? हिच्यात तर काहीच नाही.’’

‘‘कोणाचीच नाही, मावशी. हिला कोणी हातच लावला नव्हता.’’